खोलीचं तापमान

चंद्रानं लसीच्या डब्यातले चारही आइसपॅक एकेक करून बाहेर काढले, मोरीत उभे केले आणि डबा आतून फडक्यानं कोरडा पुसला. मग हात आत घालून पाहिला. गार लागतोय की नाही हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं तो उघडा डबा उपकेंद्राच्या पायरीवर उन्हात ठेवला आणि पाच मिनिटांनी परत हात घातला. वीस वर्षं ज्या बाईनं हा डबा गार राहावा म्हणून जिवाचा आटापिटा केला, ती आज तो कोमट व्हायची वाट बघत उभी होती.

घड्याळात सव्वाआठ झाले होते. बेळगावच्या दवाखान्याचा माणूस बारा वाजता रामनगरच्या स्टँडवर येणार होता. त्याच्या आत नेत्राचं रक्त काढायचं, दोन नळ्या भरायच्या आणि स्कूटरवरून रामनगर गाठायचं. रक्त काढायला दहा मिनिटं पुरतात. पण त्याआधी नेत्राला जे सांगायचं होतं, त्याला किती वेळ लागेल याचा अंदाज चंद्राला नव्हता. गेले तीन दिवस ती ते मनातल्या मनात घोकत होती आणि दर खेपेला पहिल्या वाक्यालाच अडत होती.

चंद्रा ही तालुक्याच्या त्या टोकाची सरकारी नर्स. सात वाड्या, मधे जंगल, आणि फोन लावायचा तर देवळामागच्या टेकाडावर चढायचं. बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या, सगळं तिच्याच अंगावर. लोक तिला मान देत, ती तो ठेवूनही घेई. आपल्या हातून चूक होत नाही असं ती कधी बोलून दाखवत नसे, पण तसं तिला वाटायचं हे मात्र खरं.

नंदिगड्ड्याच्या पुढच्या एका वाडीत यमुनाचं घर होतं. नेत्रा तिची मुलगी. यमुनाचं रक्त थांबत नसे, हे तिच्या लग्नापासून वाडीला ठाऊक होतं. फक्त त्याला रोग म्हणावं असं कुणाला सुचलं नव्हतं. विळी लागली तर ती दोन दोन दिवस फडकं बांधून बसे. महिन्यातले बारा दिवस पडवीच्या टोकाला बाहेरची म्हणून वेगळी बसे, आणि सासू म्हणे की हिला कामाचा कंटाळा. दोन वर्षांपूर्वी खानापुरात दाढ काढली आणि चार दिवस तोंडातलं रक्त थांबेना, तेव्हा तिला बेळगावला नेलं. तिथं रोगाचं नाव कळलं. ते कुणा परदेशी डॉक्टरचं नाव होतं आणि यमुनाच्या जिभेवर काही केल्या बसेना. ती त्याला ‘माझा साहेब’ म्हणू लागली. घोळणा फुटला की म्हणायची, साहेब आलाय परत.

गेल्या वर्षी त्याच दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंनी असल्या रोग्यांचा अभ्यास सुरू केला. रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं. त्यातल्या थोड्या पेशी सुटून रक्तात येतात. त्या निवडून काढायच्या, मोजायच्या, काचेच्या बशीत वाढवायच्या, आणि रक्त धरून ठेवणारी चिकट वस्तू त्या किती बनवतात ते पाहायचं. यमुनाला हे समजावताना चंद्रानं भिंतीच्या सारवणाचं उदाहरण दिलं होतं. भिंत फोडावी लागत नाही; सुटलेला पोपडा हातात घेतला तरी आतल्या मातीचा अंदाज येतो. यमुनाला ते लगेच पटलं. तिचं रक्त बेळगावातच काढून झालं. मात्र तुलनेसाठी त्याच घरातलं एक निरोगी रक्त हवं होतं, आणि निरोगी म्हटल्यावर नेत्राशिवाय दुसरं नाव नव्हतं. तेवीस वर्षांची धडधाकट मुलगी, साध्या पडशानंही कधी आडवी झालेली नव्हती.

ते रक्त पाठवायचं काम चंद्राकडे आलं. त्यासाठी बेळगावला एक दिवसाचं शिक्षण झालं, एक कानडी कागद मिळाला. कागदावर लिहिलं होतं, नळ्या खोलीच्या तापमानाला ठेवाव्यात. चंद्रानं ते वाक्य दोनदा वाचलं. ज्या खोलीत बसून ती वाचत होती तिथं दोन एसी चालू होते आणि तिनं पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला होता. खोलीचं तापमान म्हणजे हेच, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. आता एप्रिल महिन्यात, उपकेंद्राच्या पत्र्याखाली, असली खोली आणायची कुठून? तिनं डब्यात चार आइसपॅक घातले, मधोमध नळ्या बसवल्या, आणि सांगितलं त्यापेक्षा जास्तच काळजी घेतली या समाधानात त्या रामनगरला पोचवल्या.

आठ दिवसांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. बशीत पेशी वाढल्याच नाहीत, चिकट वस्तूही फार कमी निघाली. आईचा रोग मुलीतही उतरला असावा, पण एकदा परत तपासायला हवं. चंद्रा टेकाडावरून खाली उतरेपर्यंत त्यातलं ‘असावा’ वाटेतच कुठंतरी सांडलं.

आणि मग तिनं जे केलं ते बर्फाहून वाईट होतं. नेत्राचं लग्न तिनंच जमवलं होतं, रामनगरच्या रोहनशी. रोहन म्हणजे तिच्या नणंदेचा, बायजाचा मुलगा. सिमेंट-पत्र्याचं दुकान, पोरगा निर्व्यसनी. सुपारी फुटली होती. त्या संध्याकाळी चंद्रानं आधी फोन केला तो बायजाला. आपल्या माणसांना अंधारात कसं ठेवायचं, असं तिला वाटलं. ज्या मुलीचं रक्त होतं तिला अजून पत्ता नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. नेत्राला कळलं ते दुसऱ्या दिवशी, बायजाचा निरोप घेऊन रामनगरचा माणूस दारात आला तेव्हा. बायजानं वाईट काही म्हटलं नव्हतं. मुलगी सोन्यासारखी आहे, पण आम्हाला पुढचं बघायला हवं, एवढंच.

नेत्रा निरोप ऐकून नेहमीच्या गाडीनं कामाला गेली. खचली ती यमुना. मी दिलं तिला, हे एकच वाक्य ती महिनाभर म्हणत होती, भाकरी थापताना, गुरांना पाणी दाखवताना.

तीन दिवसांपूर्वी डॉक्टरबाईंचा परत फोन आला. दुसऱ्या तालुक्यातून आलेले काही नमुने बिघडले होते, म्हणून त्या सगळ्यांनाच विचारत होत्या. बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं की असं रक्त बर्फात ठेवलं तर पेशी मरतात आणि ती चिकट वस्तूही नाहीशी होते. चांगल्या माणसाचं रक्त रोग्यासारखं दिसू लागतं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही बर्फ घातला नव्हता ना?

चंद्रा म्हणाली, न्हाई, मॅडम.

ते का म्हणाली हे तिला अजूनही सांगता आलं नसतं. दर जूनला तिच्या कंत्राटी नोकरीची ऑर्डर नवी निघे, ती अडेल ही भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. बरं, मग पुन्हा एक नमुना घ्या, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

स्कूटर यमुनाच्या अंगणात थांबली तेव्हा नेत्रा दगडावर बसून बुटांच्या नाड्या ओवत होती. पाण्यात घालायचे ते जाड रबरी तळाचे बूट काल रात्रभर चुलीपाशी वाळत ठेवलेले दिसत होते. गणेशगुडीच्या एका रिसॉर्टवर ती चार वर्षं कामाला जात होती. पहिल्यांदा स्वैपाकात, मग पाहुण्यांना जाकिटं बांधून द्यायला. गेल्या डिसेंबरपासून मात्र रबरी बोटीच्या मागच्या टोकाला बसून वल्हं मारायला शिकत होती. सुपा धरणातून पाणी सोडलं की काळी नदी जिथं दगडांवर उसळते, तिथून सहा माणसांची बोट सुखरूप खाली न्यायची. अजून एक मोसम, मग तिला एकटीला बोट मिळणार होती. वाडीत याची सगळ्यांना गंमत वाटे. लग्न झालं की सुटेल, असं जो तो म्हणे, आणि बायजानं तर सुपारीआधीच तशी अट घातली होती.

‘‘साडेनवाची गाडी हाय माझी,’’ नेत्रा म्हणाली. ‘‘लवकर घ्या, चंद्राक्का.’’

पडवीत घोंगडी अंथरलेली होती. यमुना मागच्या बाजूला फणसाच्या आठळ्या वाळत घालत होती. तिथून सूप आपटल्याचा आवाज येत होता. चंद्रानं पिशवीतून पट्टी, सुई, दोन नळ्या आणि अभ्यासासाठीचा संमतीचा कागद काढून समोर मांडला. नेत्रा येऊन बसली, पण चंद्रानं पट्टी हातात घेतली आणि नुसतीच बोटांना गुंडाळत राहिली.

तिनं सांगितलं. तीन दिवस घोकलेलं सगळं विसरून, उलटसुलट सांगितलं. आधी बर्फाचं, मग बेळगावच्या गार खोलीचं, मग डॉक्टरबाईंना खोटं बोलल्याचं, आणि सगळ्यात शेवटी बायजाला केलेल्या फोनचं. तू बरी आहेस, तुला काही झालेलं नाही, हे आज पाठवलेल्या रक्तात दिसेल. मी स्वतः बायजाच्या पाया पडेन, असंही ती म्हणाली.

नेत्रा चिडेल, निदान रडेल, याची तिनं तयारी ठेवली होती. बाहेर कोंबडी ओरडत गेली तिकडं नेत्रानं बघितलं.

‘‘म्हंजे माझं रक्त चांगलं हाय?’’

‘‘चांगलं असणार. दुसऱ्या खेपेला कळंल.’’

‘‘आणि हे आणखी कुणाला ठावं हाय?’’

‘‘कुणालाच न्हाई. तुलाच पयलं सांगाय आले.’’

नेत्रानं मान हलवली. मागच्या बाजूला, सुपाच्या आवाजाकडे एकदा कान दिला आणि मग आवाज खाली आणून म्हणाली,

‘‘मग ऱ्हाऊ द्या तसंच.’’

चंद्राला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

‘‘रोहन वाईट न्हाई,’’ नेत्रा म्हणाली. ‘‘पण मला नगं होतं. मी तीनदा न्हाई म्हटलं. आईला म्हटलं, बाबांना म्हटलं. तिसऱ्यांदा तुमाला म्हटलं, इथंच. तुमी हसलासा. पोरी असंच म्हणत्यात म्हणलासा.’’

चंद्राला ते आठवलं. हसल्याचंही आठवलं.

‘‘मी तीनदा न्हाई म्हटलं ते कुणाच्या कानात गेलं न्हाई. तुमच्या नळीनं एकदा न्हाई म्हटलं, रामनगरपतोर ऐकू गेलं.’’

चंद्रा म्हणाली की निदान आईकडे बघ, बिचारी महिनाभर स्वतःला शिव्या घालतेय. तेवढ्यानं मात्र नेत्राचा चेहरा बदलला. ती दुसरीकडे बघायला लागली, आणि बोलली ती नको इतकं तोडून.

‘‘रडंल आणि थांबंल. माझं लगीन झाल्यावर मी जल्मभर रडले असते, ते कुणाला दिसलं असतं?’’ जरा थांबून ती म्हणाली, ‘‘मला काय बरं वाटतंय व्हय, आईला असं बघून?’’

तिनं समोरचा कागद चंद्राकडे सरकवला. रक्त देणाऱ्याला कधीही नाही म्हणता येतं, कारण सांगावं लागत नाही, असं त्यात एक कलम होतं. नेत्रानं त्यावर बोट ठेवलं आणि आपण नाही म्हणतो आहोत असं सांगितलं.

चंद्रा कागदाकडे पाहत बसली. दुसरं रक्त गेलं नाही तर पहिलंच खरं ठरणार. बर्फ नव्हता असं तिनंच सांगितलेलं, तेव्हा शंका घ्यायलाही कुणी उरणार नाही. दवाखान्याच्या यादीत ही मुलगी जन्मभर रोगी राहील, उद्या कुठं शस्त्रक्रिया झाली तरी डॉक्टर घाबरून हात लावतील. आणि बायजाच्या घरी, सणावाराला, याच विषयावर सगळे सुस्कारे टाकतील तेव्हा आपणही टाकायचा. कबुली दिली की मोकळं होऊ, एवढ्या आशेवर ती इथवर आली होती. नेत्रानं तिला माफ केलं नव्हतं, तिला कामाला लावलं होतं. चंद्राला खरंच रडू यायला लागलं, पण नर्सनं पेशंटच्या पडवीत रडायचं नसतं म्हणून तिनं नळ्या पिशवीत भरायला घेतल्या.

यमुना बाहेर आली ती गुळाच्या कोऱ्या चहाचे दोन पेले घेऊन. तिनं आधी रिकाम्या नळ्यांकडे पाहिलं, मग लेकीच्या दंडाकडे.

‘‘काढलं न्हाई अजून?’’

‘‘मी देत न्हाई, आई,’’ नेत्रा म्हणाली.

यमुनानं पेले खाली ठेवले आणि ती घोंगडीच्या कडेला टेकली. नेहमी बसायची तशीच, जरा अंतर राखून. चंद्राला वाटलं आता ही नेत्राला रागावेल. पण यमुना सुटकेचा श्वास टाकून म्हणाली की बरं केलंस, आलंय ते आलंय, परत कशाला सुया टोचून घ्यायच्या. मग चंद्राकडे वळून तिनं विचारलं,

‘‘माझंच आलंय न्हवं तिच्यात? खरं सांगा, चंद्राक्का. माझ्याकडनंच?’’

नेत्रा चंद्राकडे बघत होती. डोळ्यांची पापणीसुद्धा हलत नव्हती.

‘‘व्हय, वैनी,’’ चंद्रा म्हणाली.

यमुनानं मान डोलावली. महिनाभर ज्या वाक्यानं ती खंगत होती, ते आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तिला उलट आधार आल्यासारखा दिसला. तिनं नेत्राच्या पाठीवर हात ठेवला.

‘‘मग ह्यांना मी धाडलं ते बरं केलं,’’ ती म्हणाली. ‘‘आज पयल्या गाडीनं गेल्यात गणेशगुडीला. मालकाला सांगून येतो म्हणाले, पोरगी आता यायची न्हाई म्हणून.’’

‘‘कोण यायची न्हाई?’’ नेत्रानं विचारलं.

‘‘दगडावर आपटलीस तर रगात थांबंल व्हय तुझं? त्या नदीत? मी काय दाढंचं रगात सोसलं ते मला ठावं.’’ यमुनाचा हात लेकीच्या पाठीवरून फिरत होता. ‘‘ऱ्हा माझ्यापाशी. लगीन नगं, काय नगं. इतकी वर्सं मी एकलीच बसले ह्या टोकाला. आता तू हाईस.’’

ती हे मायेनं बोलत होती. तिच्या तोंडावर महिन्याभरानं थोडं तेज आलं होतं. आपल्या दुखण्याला सोबत मिळाली म्हणून बरं वाटणाऱ्या बाईला काय बोलायचं? यमुनाचा नवरा महाबळेश्वर तर जंगलखात्यात रोजंदारीवर जाणारा मुखदुर्बळ माणूस. तो तेवढं एकच वाक्य पाठ करून गेला असेल आणि तेच म्हणून परत येईल. मालकही वाद घालणार नाही. रक्ताचा रोग म्हटल्यावर कोण कशाला बोटीवर घेईल.

नेत्रा उठली. अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. खालच्या वळणावर साडेनवाच्या गाडीचा हॉर्न वाजला, गाडी थांबली, कुणीतरी चढलं असावं, आणि पुढं गेली. तिनं गाडीसाठी एक पाऊलही उचललं नाही. यमुना म्हणाली, चहा निवतोय. नेत्रा तरीही तिथंच होती. गाडीचा आवाज झाडीत विरल्यावर ती परत आली, घोंगडीवर चंद्रासमोर मांडी घालून बसली आणि तिनं उजव्या हातातल्या बांगड्या मनगटावरून वर सारल्या.

‘‘घ्या, आक्का.’’

‘‘अगं, आता तर नगं म्हणलीस,’’ यमुना म्हणाली.

‘‘घ्या,’’ नेत्रा परत म्हणाली.

चंद्रानं पिशवीत टाकलेल्या नळ्या बाहेर काढल्या. पण सुईचं पाकीट फोडण्याआधी तिनं तो कागद मांडीवर घेतला, पेन झटकलं, आणि शेऱ्याच्या मोकळ्या रकान्यात कानडीत लिहिलं: पहिल्या नमुन्याच्या डब्यात बर्फ घातला होता. विचारल्यावर मी नाही म्हणाले. चूक माझी. खाली सही केली, तारीख घातली. अक्षर तिचं नेहमीचं, लसीच्या रजिस्टरातल्यासारखं गोल आणि सरळ आलं, याचं तिलाच नवल वाटलं. जूनमध्ये ऑर्डर निघेल न निघेल.

मग ती यमुनाकडे वळली.

‘‘वैनी, मी आत्ता तुमाला खोटं बोलले. तुमच्याकडनं हिला काय आलेलं न्हाई. त्या रक्ताची नासाडी मी केली, बर्फात ठेवून.’’

यमुनाला बर्फाचा आणि रक्ताचा संबंध कळेना. चंद्रानं परत सांगितलं, अगदी हळू, एकेक वाक्य. बायजाला आधी फोन केल्याचंही सांगितलं. यमुना तिच्या तोंडाकडे बघत होती आणि तिचे ओठ मधेच हलत होते, मुलं पाढे म्हणताना हलतात तसे. शेवटी तिनं एवढंच विचारलं,

‘‘मग हिला न्हाई?’’

‘‘नसावं. हे रक्त बेळगावला पोचलं की पक्कं कळंल.’’

यमुनानं पदर तोंडाला लावला. बराच वेळ तिचे खांदे हलत राहिले. चंद्राला ती काही टाकून बोलली असती तर बरं झालं असतं, पण तिला रागवायलासुद्धा सवड नव्हती. मी दिलं नाही, मी दिलं नाही, असं ती पदराआडून पुटपुटत होती. नेत्रानं डाव्या हातानं आईचा गुडघा धरला. उजवा हात तसाच चंद्रापुढं पसरलेला होता.

डोळे पुसून झाल्यावर यमुनानं चहाचा पेला चंद्रापुढं सरकवला, आणि तिला काहीतरी मोठं आठवल्यासारखं ती सावरून बसली.

‘‘मग बायजाक्काला आजच कळवा की. रामनगरला जाताच हायसा न्हवं? रोहनचं अजून कुठं ठरलं नसंल.’’

चंद्रा नेत्राच्या दंडावर पट्टी बांधत होती. तिनं गाठ मारली आणि वर न बघता म्हणाली,

‘‘मी आता कुणाला काय कळवणार न्हाई, वैनी. आधी हिला इचारा.’’

‘‘हिला काय इचारायचं?’’ यमुना म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

चंद्रानं कोपराच्या खळीत बोटानं शीर चाचपली. ती ठसठशीत लागली. कापसाचा बोळा फिरवून तिनं सुई उचलली.

‘‘मूठ आवळ,’’ ती नेत्राला म्हणाली.

नेत्रानं ती केव्हाच आवळली होती.